तेल तयार होईपर्यंत विहीर थांबवण्यास नकार

प्रति,
मा. सावधानता अधिकारी,
भूगर्भसंपत्ती कक्ष, दहिवली, ता. कर्जत.

विषय : मौजे पोशीर येथील अर्धवट विहिरीचे खोदकाम पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : विहिरीच्या रहाटाला चिकटवलेली आपली स्थगिती नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हर्षला गजा शेळके कळवते की, तिच्या शेतातील विहिरीत अठ्ठावीस फुटांवर, कातळाखाली, वहीच्या पानांसारखा सुटणारा काळा दगड लागला. चुलती येसूबाईने त्यातला एक चुलीला तिसरा दगड म्हणून लावला. भाकरी टाकताच दगडच धुमसला, घरभर रॉकेलचा वास. "हर्षला, अगं खाली लाकूड जळतंय का दगड?" असे तिने विचारले. अर्जदाराने प्रामाणिकपणे आपल्या कार्यालयास कळवले. ही चूक तिला मान्य आहे.

२. आपण पाठवलेल्या तज्ज्ञ मॅडमनी दगड तपासला. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात येथे तळे होते. शेवाळ तळाच्या गाळात बसले, तिथे हवा नसल्याने कुजले नाही, त्याचाच हा दगड झाला. तेल देणारा दगड म्हणून तो उत्कृष्ट आहे. मात्र पुरेसा खोल गाडून तापलेला नसल्याने त्यात तेल अद्याप झालेले नाही. दोन-तीन कोटी वर्षे लागतील. येसूबाई म्हणाली, "म्हंजे डाळ चांगली हाय, पन शिजलीच नाय. मग पंगत कशाला बसवलीस गं बाय?" मॅडमनी मान डोलावून अहवालात 'अपक्व' लिहिले.

३. आपण 'उत्कृष्ट' पर्यंत वाचलेत. "तेल निघेपर्यंत खोदकाम बंद" अशी नोटीस आली. चूल 'विनापरवाना तेलप्रक्रिया केंद्र' ठरवून लाखेने सील केली. पंचनाम्याला चहा येसूबाईनेच शेजारच्या चुलीवर करून दिला. गेल्या आठवड्यात आपण तेल निघण्याची अपेक्षित तारीख आणि त्या दिवशी हजर राहणाऱ्या वारसांची नावे मागवलीत. अर्जदार अविवाहित आहे. घाई करता येणार नाही.

४. दरम्यान घरात पाच माणसे आणि दोन म्हशी रोज पाणी पितात. पाण्याची टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. हंडे वाहून येसूबाईचा गुडघा गेला. मॅडमच्या मते काळ्या थराखाली सात-आठ फुटांवर फुटका कातळ आहे आणि त्यात पाणी असावे.

५. सबब सोमवार, दि. १० मार्च रोजी सकाळी सात वाजता खोदकाम सुरू होईल. ही विनंती नाही, माहिती आहे. काळा दगड बांधावर नीट रचून ठेवला जाईल. शासनाने तो न्यावा, गाडावा, तापवावा आणि वाट पाहावी. अर्जदारास अटक करायची असल्यास साडेसातच्या आत यावे, त्यानंतर ती विहिरीत खाली असेल. दोर वरच बांधलेला आहे. उतरून यावे, फावडे मिळेल.

न थांबणारी अर्जदार,
हर्षला गजा शेळके
मु. पोशीर, दि. ६ मार्च २०२५

सोबत : सातबारा उतारा, तज्ज्ञांचा अहवाल, सर्व पानांसह.