आमचा बोर्ड जागृत झाला तेव्हा

शिनोली, सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप कुशाबा मामा,

तुम्हाला आणि मामींना वैजयंतीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.) तुमचा खोकला कमी झाला का? मामींच्या हाताला संध्याकाळच्या मुंग्या येतात आणि डॉक्टरांना काही सापडत नाही, असं तुमच्या सुनेनं, मंगलनं सांगितलं. त्यावर शेवटी येतेच. एक विनंती आहे. पत्र गिरणीत उभ्यानं वाचू नका, चष्म्यावर पीठ बसतं. आत घरात मामींजवळ बसून सावकाश वाचा. पत्र घेऊन आलेली मुलगी बाहेर थांबेल, तिच्याकडे बघायची गरज नाही. फोन तीनदा केला, पण गिरणीच्या आवाजात तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणता आणि स्वतःच ठेवता.

पाडव्याला तुम्ही या वयात शिडीवर चढून माझ्या खानावळीवर दिव्यांचा बोर्ड लावून दिलात (उरलेल्या सामानात तुमच्या गिरणीचाही झाला), मजुरी म्हणून फक्त पिठलं-भाकरी खाल्लीत आणि म्हणालात, "भाचीचं नाव भीमाशंकरच्या वाटंवरून लांबनं दिसलं पायजे." ते दिसतं, मामा. रेशनकार्ड आणि लग्नातली भांडी सोडून माझं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस मी कोथिंबिरीचं निमित्त काढून रस्त्यापलीकडे जायचे आणि ते वाचून परत यायचे. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो. बोर्डातून तीन वायरी निघाल्या होत्या, आठवतं? त्यातली हिरवी तुम्ही नीट गुंडाळून आत सारलीत. मी विचारलं, तर म्हणालात, "ही पावणी हाय. पावणीला काम सांगायचं नसतं." मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

आता माझ्या सासूबाई, लंकाबाई. त्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिवेलागणीला हातपाय धुऊन, अनवाणी, जो दिवा लागेल त्याला नमस्कार. देवघरातला, ओट्यावरचा, फ्रिजचं दार उघडल्यावर लागतो तोसुद्धा. बोर्ड आल्यापासून त्या त्याच्या लोखंडी खांबाला हात लावून कपाळाला लावायच्या. आषाढात एका संध्याकाळी त्या डोळे भरून आत आल्या. खांब जागृत झालाय, म्हणाल्या, हातातून झिणझिण्या गेल्या. मी धावत जाऊन हात लावला. काही नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला, काही नाही. दुसरी बाई म्हणाली असती, सासूबाईंना भास होतोय. मी स्वतःलाच तपासत बसले. भाकरी थापताना कुणाबद्दल वाईट चिंतते का, सोमवार मनापासून धरते की सवयीनं (सवयीनंच), असं सगळं. दोन आठवडे मी देवाची माफी मागत होते. माझ्या पायात रबरी चपला होत्या, मामा. उभं राहून टाचा दुखतात म्हणून मी त्या दिवसभर काढत नाही. भक्ती होती तिथेच होती.

श्रावण लागला आणि भीमाशंकरला जाणारी माणसं जेवायला थांबू लागली. सासूबाईंनी एका बाईला सांगितलं, तिनं साऱ्या जीपला सांगितलं. जेवून हात धुवायचे, चपला काढायच्या आणि ओल्या हातानं खांबाला लागायचं, अशी रांगच लागली. खांबाला हळदकुंकू लागलं, हार पडला. मला आत कुठेतरी बरं वाटत नव्हतं, पण पानं वाढता वाढता मी ते वाटणं मागे सारत गेले. याची मला अजून लाज वाटते.

परवाच्या शनिवारी घोडेगावची इंद्रायणी जेवायला आली. आयटीआय करून लायसन घेतलेली वायरमन आहे, वय सव्वीस. बाहेर पाऊस होता, खांबाभोवती घोटाभर पाणी साचलेलं, आणि सासूबाई हातपाय धुऊन पायरी उतरत होत्या. ते बघून इंद्रायणीनं खिशातला टेस्टर खांबाला लावला, तो लाल झाला, आणि जेवणाऱ्यांची ताटं ओलांडत ती आत धावली, तिनं मेन पाडला. सगळीकडे अंधार. तेरा माणसं वरणात हात घालून बसलेली.

"आजी, देव न्हाई त्यो. करंट हाय," ती म्हणाली.

सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "मंग देवाला करंट नसतो व्हय?"

मी मात्र त्यांचा हात धरून पायरीवर बसले. दोन आठवडे मी माझ्या मनात खोट शोधत होते आणि ती वायरीत होती. रडू आलं, पण सुटल्याचं. तो हात गरम होता, ओला होता, आणि मला रडणं लवकर आवर म्हणून सांगत होता.

काल रविवारी इंद्रायणीनं बोर्ड उघडला. जोड दुधाच्या पिशवीत बांधला होता, वर रबर. आत पाणी. तिनं ती पिशवी माझ्या हातात दिली. (मी गावात उंदरांचं नाव सांगितलं आहे. तुमचं नाही.) उघड्यावरच्या बोर्डाला नियम वेगळे असतात, मामा. वायर पाइपातून, जोड पाऊस न शिरणाऱ्या बंद डब्यात, बंद करायचं बटण बोर्डाजवळ, चटकन दिसेल असं. जमिनीत सळई ठोकून अर्थिंग, आणि ती हिरवी वायर बोर्डाच्या सांगाड्याला नि त्या अर्थिंगला पक्की. शिवाय एक ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारी डबी.

सासूबाईंनी संध्याकाळी खांबाला हात लावला आणि "गार पडला" म्हणून जेवायला बसेनात. मग इंद्रायणीनंच त्यांना समजावलं. त्या डबीला एक छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबून लाइट जातो का बघायचं, म्हणजे डबी जागी आहे असं समजायचं. हे काम तिनं सासूबाईंना दिलं. त्यांनी दिवसही ठरवला, दर महिन्याची शिवरात्र, आंघोळ करून, उपाशीपोटी. त्या वेळी कोण जेवत असेल त्यानं घास हातात धरून थांबायचं. रात्री त्या दोन भाकरी जेवल्या.

माझं नाव पुन्हा दिसतंय, मामा, आणि आता ते बघताना छातीत धडधडत नाही.

तुमची भाची,
वैजू

ता. क. मामींना विचारा, संध्याकाळी अंगणाला पाणी मारून झालं की त्या खराटा कुठे अडकवतात. मंगल म्हणते, गिरणीच्या बोर्डाच्या खांबाला.

ता. क. दुसरा. बाहेर थांबलेली मुलगी इंद्रायणी आहे. आत्ता गिरणीचा आवाज थांबला असेल तर लाइट गेलेला नाही, तिनं मेन पाडला आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तिला शिडीला हात लावू दिला नसता, म्हणून पत्र एवढं लांबवलं. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण आधी मामींचा हात हातात घेऊन सांगा, की त्याला काहीही झालेलं नाही. आणि इंद्रायणीला चहा द्या. दुसऱ्या, हिरव्या पाहुणीला नको, ती आजपासून कामाला आहे.