पाचवी टेप

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? रंगमंचभर गुडघ्यांवर घसरत गाणाऱ्याचे गुडघे साठीत कुरकुरणारच. तेव्हाच बजावलं होतं. माझी तब्येत उत्तम. मी गुडघ्यांचा वापर चालण्यासाठी केला.

पत्राचं कारण म्हणजे रेडिओवरच्या बाई. तुझ्यावर तासाभराचा कार्यक्रम करणार आहेत, 'रॉक अँड रोलचा विसरलेला गायक' (विसरलेला हा शब्द मी खोडायला लावला). तुझी पाच महत्त्वाची रेकॉर्डिंग त्यांना सोमवारपर्यंत हवीत. तू स्वतःचं एकही जपलेलं नाहीस, म्हणून त्या माझ्या दारी आल्या. पाच न मिळाल्यास तू अर्धा तास, आणि उरलेला अर्धा तास दातांची निगा.

कपाट उपसलं. पहिली टेप कॉलेजातली. माइकचा शॉक बसून तू किंचाळत उडी मारलीस आणि लोकांना वाटलं, ही गाण्याची तऱ्हाच आहे. पुढे बारा वर्षं तू शॉकशिवाय उड्या मारल्यास. दुसरी तुझी तबकडी. त्यातल्या ठोक्यांवर बाई फिदा झाल्या. ते ठोके भिंतीपलीकडच्या शिंप्याच्या मशीनचे आहेत (तुझा ड्रमवाला जेवायला गेला होता), हे मी सांगितलं नाही. तिसरी कारखान्याच्या कॅन्टीनमधली. भोंगा झाला, माणसं कामावर गेली, तू आपला गातच राहिलास. शेवटी एकच टाळी ऐकू येते. ती कोणाची, हे तू कधी विचारलं नाहीस. चौथी मैदानातली. रेकॉर्डर माझ्या मांडीवर होता, त्यामुळे गाण्यापेक्षा "अरे, शर्टाचं बटण लाव!" हेच जास्त ठळक आलंय. बाई म्हणाल्या, "श्रोत्यांचा काय उत्स्फूर्त प्रतिसाद!" मी गप्प बसले. (हे मला जमतं.)

पाचवी तुझ्या शेवटच्या कार्यक्रमाची. तीन हजार माणसं उभी राहिली होती. त्यानंतर तू गाणं सोडलंस; म्हणालास, "ताई, याहून चांगलं आता होणार नाही," आणि ती एकुलती एक टेप माझ्या हवाली केलीस. ती सुरक्षित आहे.

भावजयीला सांग, तुला जिने चढायला लावू नये.

तुझी,
ताई

ता. क. टेप सुरक्षित आहे, गाणं नाही. लघुलेखनाच्या वर्गासाठी मी त्याच टेपवर डिक्टेशन घातलं. विषय : माल उशिरा पोचल्याबाबत तक्रार. "कळावे, आपली विश्वासू" असं मी म्हणते आणि लगेच तीन हजार माणसं बेभान टाळ्या वाजवतात. माझ्या विद्यार्थिनींनी त्या टाळ्याही लघुलिपीत उतरवल्या. हे तुला सांगायला मला सव्वीस वर्षं लागली.

ता. क. २. रविवारी सकाळी दहाला ये. स्वयंपाकघरात रेकॉर्डर मांडलाय, नळ घट्ट बंद केलाय. टाळ्या आपल्याकडे आहेतच, तू फक्त गाणं घेऊन ये. आवाज फाटला तरी चालेल. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.

ता. क. ३. येताना बटणं लावून ये, म्हणजे बोलावं लागणार नाही.