मागे कोणाला उभं करायचं

शनिवार, ५ सप्टेंबर १९९८. चँडलर

कोचने विक्रमला आजही गोलापाशी उभा केला. काऊन? तर उंच आहे म्हणून! उंची काय चाटायची आहे? पाठीमागून कोणी अंगावर आलं की तो पोट्टा डोळे मिटतो. मी बाकावरून चारदा पाहिलं.

हा ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा, मैदानही अंड्यासारखं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेने उडवायचा नाहीतर हातावर धरून मुठीने ठोसायचा. आणि वरून येणारा झेलायचा — मग अंगावर कोणी का पडेना. कोच ब्रेंडन तिकडचाच. माझा लेक शैलेंद्र कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आहे, तिथे हा त्याच्या शेजारी बसतो. चौदा-पंधरा वर्षांची बारा पोरं गोळा केलीत, त्यांत माझा नातू ईशान. ऊन इतकं की सकाळी साडेसहालाच सुरू करतात.

ब्रेंडनची पद्धत अशी — प्रत्येक पोराला प्रत्येक जागेवर खेळवायचं, वहीत लिहायचं, मग कोणाची जागा कुठली ते ठरवायचं. मी ईशानला म्हटलं, सांग त्याला, भाकर दोनदा उलटतात, दहादा उलटली की मोडते! ईशानने काय सांगितलं कोण जाणे. ब्रेंडन हसला आणि येऊन माझ्याजवळ बसला. "आजी, यू टेल मी." त्याला वाटतं माझं नावच आजी आहे.

सांगितलं मग. विक्रमला मागे-पुढे नको, मधे घाल. समोरून येणाऱ्या चेंडूला तो भीत नाही. अन् माझ्या ईशानला कडेकडेने काऊन पळवतो? त्याला मागे ठेव, सगळ्यांत शेवटी. त्याला भीतीच नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर

सून विचारत होती, "आई, तुम्हाला खेळातलं एवढं कसं कळतं?" उल्काला वाटतं सासू तिसरी शिकली म्हणजे हिला तांदूळ निवडण्यापलीकडे काही दिसत नाही.

सांगितलं तिला. माझा नवरा एकनाथ नागपूरला मिलच्या हुतूतूच्या टीममध्ये होता. मी विड्या वळत मैदानाच्या कडेला बसायची. कोण कोपऱ्यात बरा, कोणाचा दम कुठे संपतो, सगळं दिसायचं. संध्याकाळी त्याला सांगायची. तो टीमच्या मोरेश्वर मास्तरांना सांगायचा — आपलंच डोकं म्हणून! टीम जिंकली तर त्याला मिलमध्ये कायम करणार होते. पण त्याच साली गेला.

"कशाने गेले?"

तापाने, म्हटलं. शैलेंद्र तेव्हा सहा वर्षांचा.

शनिवार, १२ सप्टेंबर

जमलं! विक्रम मधे असा पळाला की त्याची आई फोटो काढायचं विसरली. ब्रेंडनने वहीतली जुन्या जागांची दोन पानं फाडली.

शनिवार, १९ सप्टेंबर

माझा ईशान मागे उभा राहिला की पुढची सगळी पोरं निवांत होतात. चेंडू डोक्यावरून जायला लागला की तो पाठ फिरवून उलटा गोलाकडे पळतो. नजर वर. समोरून कोण धावत येतंय ते बघत नाही. झेलतोच. ब्रेंडन म्हणतो ही गोष्ट शिकवून येत नाही. मी म्हटलं, त्याच्या आज्याची आहे.

शाळेत हा पोट्टा डबा एकटाच खातो. मला माहीत आहे, कारण डबा बाथरूममध्ये खाल्ल्याचा वास येतो त्याला. विचारलं तर "आय ॲम फाइन, आजी." इथे मात्र अकरा पोरं त्याच्या नावाने ओरडतात. घरी येताना गाडीत गाणं म्हणत होता. बेसूर. म्हणू दिलं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

१० ऑक्टोबरला शेजारच्या टूसॉन गावच्या पोरांशी मॅच. मेलबर्नहून एक माणूस येणार आहे बघायला. चार पोरं निवडून सुट्टीत महिनाभर तिकडे नेणार, शिकवायला. ईशानने भिंतीवर नकाशा लावला. ऑस्ट्रेलिया उलटी लावली होती. मी सरळ केली.

शनिवार, ३ ऑक्टोबर

आज सरावात लागलं. ईशान उलटा पळत होता, समोरून विक्रम. विक्रमचा गुडघा ईशानच्या कानामागे. आवाज बाकापर्यंत आला.

उठला. ब्रेंडनने बोटं दाखवली, मोजायला लावली. बरोबर मोजली. हसला पण. घरी येऊन बाथरूममध्ये दोनदा ओकला. मी पाठ चोळली.

"आजी, प्लीज. डोन्ट टेल मॉम. शी'ल कॅन्सल एव्हरीथिंग."

डोक्याला तेल चोळलं. हळद-दूध दिलं. नाही सांगत, म्हटलं.

रविवार, ४ ऑक्टोबर

दुपारी त्याच्या खोलीत गेले. पडदे लावून पडला होता. "लाइट हर्ट्स."

पडदा उघडायला गेले आणि तशीच मागे फिरले. का, ते लिहीत नाही.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

जेवताना विचारलं, "आजी, आज कोणता वार?" मंगळवार. वरण वाढलं, पुन्हा, "आज कोणता वार?" उल्का फोनवर होती. शैलेंद्र पेपरात. मीच एकटी ऐकणारी.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

उल्का म्हणाली, "आई, ईशान चिडचिडा झालाय ना?" मी म्हटलं, मॅचचं टेन्शन असेल. असं सहज निघालं तोंडातून! तिने मान डोलावून भाजी चिरायला घेतली.

ईशानने आज बूट पॉलिश करून उशाशी ठेवलेत. निजताना म्हणाला, "आजी, यू पुट मी देअर. यू नो आय कॅन डू इट."

हो. मीच ठेवला तिथे.

शनिवार, १० ऑक्टोबर



पोरं मैदानात उतरायच्या आधी ब्रेंडन बाकापाशी आला. वाकून हळूच विचारलं, "आजी, इज ही ऑल राइट? यू सी हिम ॲट होम." त्याच्या मागे ईशान उभा. माझ्याकडे बघत. तो मेलबर्नचा माणूस टोपी घालून पलीकडे.

मी म्हटलं, "गुड. ही गुड."

पहिला डाव ईशान मागे. एक झेल असा घेतला की टूसॉनवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्याने काहीतरी लिहून घेतलं. मी टाळी वाजवली नाही. मी त्याचे पाय बघत होते. उजवा पाय वेळेवर उचलत नव्हता. हुतूतू बघणारी बाई आहे मी, पायच बघते.

दुसऱ्या डावात चेंडू उंच आला. हा वर बघत उलटा निघाला. समोरून त्यांचा एक रेड्यासारखा पोट्टा सुटला. ईशान पोचलाच नाही. मधेच थांबून आकाशात बघत उभा राहिला — चेंडू भलतीकडे अन् हा भलतीकडेच बघतोय! तो रेडा ऐन वेळी वळला, खांद्याला घासून गेला. इतकंच.

मी उठले. साडी खोचली. गेले मैदानात. शिट्ट्या वाजत होत्या, कोणीतरी "मॅम! मॅम!" ओरडत होतं, शैलेंद्र मागून, "आई, काय करतेस? लोक बघताहेत!" बघू दे. मधोमध जाऊन ईशानचा हात धरला.

"आजी, गो बॅक! गो बॅक!"

ब्रेंडन धावत आला. त्याला म्हटलं, "नो गुड. ही नो गुड. आय लाय." एवढंच इंग्रजी येतं मला. पुरलं.

ईशानने हात हिसडला. पोरांदेखत म्हणाला, "आय हेट यू." मराठीत सांगायची गरज नव्हती. विक्रम रडायला लागला — माझ्यामुळे लागलं, माझ्यामुळे. त्याला म्हटलं, गप, तुझ्यामुळे नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

हॉस्पिटल. डोक्याच्या आत रक्त साकळलंय. थोडं आहे, आपलं आपण जिरेल म्हणतात, पण लक्ष ठेवायला ठेवून घेतलंय. डॉक्टर बाई होती. शैलेंद्रला म्हणाली, आणखी एक फटका बसला असता तर आज आपण वेगळं बोलत असतो. हा खेळ संपला. कायमचा.

शैलेंद्रने गाडीत विचारलं, "आठ दिवस, आई? आठ दिवस तुला माहीत होतं?"

हो.

"आणि काही बोलली नाहीस?"

उल्काने मागे वळूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर माझं ताट वाढलं, टेबलावर ठेवलं, वर गेली. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर ताटही वाढलं नसतं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

ब्रेंडन आला होता. दारातच उभा राहिला. वही माझ्या हातात दिली. ईशानच्या पानावर काट मारलेली. खाली विक्रमच्या पळण्याच्या रेघा काढलेल्या; टोपीवाल्याने त्याला निवडलं, मेलबर्नला तो निघाला. ब्रेंडन बराच वेळ बोलला, मला निम्मं कळलं. स्वतःलाच शिव्या देत होता, मीच नीट बघायला हवं होतं म्हणून.

नाही रे बाबा. तू विचारलंस. तुझं काम तू केलंस.

ईशान हॉस्पिटलात माझ्याकडे पाठ करून निजतो.

बुधवार, १४ ऑक्टोबर

धम्मदीक्षेला बेचाळीस वर्षं झाली. त्या दिवशी मैदानावर एकनाथ पांढऱ्या सदऱ्यात माझ्या बाजूला होता, दोघांनी एका आवाजात पाच शीलं घेतली. आज सकाळी एकटीने मेणबत्ती लावली. तीन शीलं म्हटली. चौथ्यापाशी अडले: खोटं बोलणार नाही.

एकनाथ तापाने गेला नाही. पकडीत डोकं आपटलं होतं. तीन दिवस खिडकीला गोधडी टांगून अंधारात पडला होता, वार विचारत होता. फायनलच्या सकाळी मोरेश्वर मास्तर दारात आले. "वहिनी, एकनाथ बरा आहे ना?"

बरा आहे, म्हटलं मी.