हुजुरांची आज्ञा, कारकुनाचा मसुदा

बडोदे, गुरुवार

प्रिय सुरैया,

तुझे फोन मी उचलले नाहीत. त्याबद्दल आधी मला पोटभर शिव्या दे, मग पुढे वाच.

तुला कॉलेजातून काढल्याला नऊ दिवस झाले, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. पाऊण तासाचं तुझं व्याख्यान, त्यातली बावीस सेकंदं कुणीतरी कापून गावभर फिरवली. सत्ता फक्त अल्लाची, तेव्हा माणसांनी केलेले कायदे मानायचे नाहीत, असं अतिरेकी सांगतात, हे तू समजावत होतीस. त्यातलं 'अतिरेकी सांगतात' तेवढं नेमकं गाळलं! आमचा सोहम तर शहाणाच. मकरपुऱ्याच्या कंपनी बसमध्ये बसून त्यानं तो तुकडा चौघांना पाठवला आणि घरी येऊन मलाच विचारतो, सुरैयामावशी असं कसं बोलली म्हणून. डभोईला तुझे सासरचे वेगळ्याच कारणानं चिडलेत, धर्माचा विषय वर्गात काढलासच कशाला म्हणून. इकडे आड, तिकडे विहीर.

पुढचं कुणी ऐकलंच नाही, याचा मला फार संताप येतो. तुझी अम्मी हेच शब्द म्हणते तेव्हा त्यांचा अर्थ एवढाच, की कुठलाही राजा किंवा साहेब देव नसतो, त्याच्यापुढे मान तुकवायची नाही. बंदूकवाला तेच शब्द उचलतो आणि स्वतःच देवाचा मुखत्यार होऊन बसतो. मग तू माझ्या आजोबांचं उदाहरण दिलंस. ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते. महाराज परदेशी असले तरी कागद निघायचा 'हुजुरांच्या आज्ञेवरून', आणि मसुदा असायचा आजोबांचा. देवाच्या नावानं हुकूम सोडणाऱ्याला विचारा, मसुदा कुणाचा, असं तू म्हणालीस. मुलं हसली, वह्यांत लिहून घेऊ लागली. मी शेवटच्या बाकावर होते, मला केवढा अभिमान वाटला.

मी तिथे होते, हे समितीत बोलले नाही. होय, चौकशी समितीत मी होते. विश्वंभर सर, सुनेत्रा आणि मी. अख्खं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर होतं, तो मी पर्समधून बाहेरसुद्धा काढला नाही. सरांनी कागद पुढे सरकवला, सुनेत्रानं पेन दिलं, आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेली तुझी ही मैत्रीण घाबरली. तिसरी सही माझी आहे. माझीच मला चीड येते.

माफी नंतर मागेन, तू दारात उभी केलीस तर. सोमवारी तुझ्या अपिलाची सुनावणी आहे, त्याआधी हे पत्र वकिलांकडे दे. म्हणूनच प्रत्येक पानाच्या मागे तारीख आणि पूर्ण नाव घातलंय. रेकॉर्डिंग सोबत पाठवते आहे. बोलावलं तर साक्षीला येईन, नाही बोलावलं तरी येईन.

अजून तुझीच म्हणवून घ्यावंसं वाटणारी,
अहल्या