एक घर मागे

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (एरवी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहितात. गेला आठवडा मात्र मी खरोखरच आठही अंगांनी जमिनीवर होतो, फक्त उताणा, आणि वर तू बाबांना घेऊन दिलेली गाडी. तेव्हा नमस्कार उलटा पडला असला तरी मनापासूनचा समज.)

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी साखर खरंच सोडली, की डबा फक्त वरच्या फळीवर गेलाय? इकडे सगळं ठीक असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ठीक. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने उत्तम आहे. न बोलणं तिला मानवलंय. माझी मान आखडली आहे आणि उजव्या कानात गिअरचं तेल गेल्यामुळे त्या बाजूचं जग मला पाण्याखालून ऐकू येतं. बाबांबद्दल पुढे लिहितो, कारण ते एका ओळीत लिहिण्यासारखं नाही.

तू फोनवर म्हणाली होतीस की गाडी आपण होऊन बिघडली तर बरंच झालं, आता ती दुरुस्त होण्यासारखी नाही असं बाबांना सांग आणि भंगारात देऊन टाक. मी ‘हो ताई’ म्हणालो. (म्हणून तर आज पत्र. फोनवर तू बोलतेस आणि मी हो म्हणतो. पत्रात निदान तुला मध्येच तोडता येत नाही.) मग मी सांगायला गेलोही. पहिल्यांदा गेलो तो त्यांना चहा हवाय का एवढंच विचारून आलो. दुसऱ्यांदा पाठीला उशी हवी का विचारून आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच मला विचारलं की बाबा रे, तुला काही हवंय का.

ताई, तू लांब राहतेस म्हणून सांगतो. त्या आजारपणानंतर बाबांचा डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला, क्लच दाबणं संपलं, म्हणून तू ही ऑटोमॅटिक घेऊन दिलीस. डोळे आणि उजवा पाय ठणठणीत आहेत असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तेव्हापासून लोकांना सोडणं हा त्यांचा धंदा झाला. ‘बाबा, मला जरा सोडता का?’ हे वाक्य या घरात जेवढं बोललं जातं तेवढं दुसरं कुठलंच नाही. तुझ्या भावजयीला ऑफिसात सोड, मला शाळेत सोड, कुणीच नसलं तर पत्र पोस्टात सोड. गाडी बंद पडल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही. तरी रोज सकाळी दाढी करतात, बूट घालतात आणि किल्ली खिशात टाकून दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. मला ते बघवत नाही.

बिघाड काय होता तेही सांगतो. गिअरची दांडी हातात नुसती खुळखुळायची आणि गाडी होती तिथेच. आत बोटाएवढी एक लोखंडी शाफ्ट असते. बाहेर दांडी जे म्हणते ते ही शाफ्ट आतल्या गिअरला जाऊन सांगते. ती झिजली होती. (बाबांचं तुला आणि तुझं बाबांना सांगत सांगत मी जसा झिजलोय, तशीच.) गॅरेजवाले म्हणाले, अख्खा गिअरबॉक्स बदला. भंगारवाला म्हणाला, अख्खी गाडी द्या. शेवटी बाबांचे जुने मित्र, ते कमरेला पट्टा बांधून पडून असलेले मेकॅनिककाका, फोनवर म्हणाले की त्यात काय आहे, घरी होतं. मी आयुष्यात एकच वस्तू दुरुस्त केली आहे, छत्री, आणि ती त्यानंतर कधी उघडली नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की छत्री अवघड असते.

भंगारवाल्याकडून तशाच गाडीची धड शाफ्ट मिळवली, जॅक आणला, लाकडी ठोकळे आणले आणि काकांना पुन्हा फोन लावला. काकांचा स्वभाव तुला माहीत आहे, शब्द खर्च करायला त्यांच्या जिवावर येतं. म्हणाले, "शाफ्ट बाजूनं बाहेर येते. आधी एक घर मागे घ्या, मग पिन ठोका." आणि ठेवला फोन.

आता तूच सांग, यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्या फाटकासमोर गाडीला लागूनच भिंत आहे. शाफ्ट बाजूने बाहेर येणार, तर भिंतीवर आपटणार. काकांनी पडल्या जागेवरून भिंतीचा विचार केला याचं मला केवढं कौतुक वाटलं! मी, पोस्टमन आणि गालावर रुमाल धरलेला एक अनोळखी गृहस्थ, अशा तिघांनी मिळून गाडी ढकलली आणि बरोबर एक घर मागे नेली. म्हणजे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या फाटकासमोर. (रुमालवाले गृहस्थ त्यांचेच पेशंट निघाले. आपणच ढकललेल्या गाडीमुळे त्यांना आत जाता येईना.) तिथे ती ठोकळ्यांवर चढवली आणि मी खाली सरकलो.

खालचं सगळंच लिहीत बसत नाही. तेल काढायला परात ठेवली होती, पण तेल परातीला सोडून माझ्या कानाकडे वळलं. (परात भावजयीची होती. अबोला तेव्हापासूनचा आहे.) मग ती पिन. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, पण जाम बसलेली. मी ठोकलं, ओढलं, विनवलं. वरून पेशंट लोक अंग चोरून फाटकातून आत जात होते आणि माझं कण्हणं ऐकून त्यातले काही तसेच परत फिरत होते. अखेर डॉक्टर स्वतः बाहेर आले. मला वाटलं आता बोलणी खायची. तर त्यांनी कपाळाला दिवा बांधला, हातात तो दांडीवाला छोटा आरसा आणि पक्कड घेतली आणि माझ्या शेजारी येऊन आडवे झाले. सवयीने म्हणाले, दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच वर केला. त्यांनी आरशात पाहून पिन धरली, दोन हिसके दिले आणि ती उपटून काढली. कापूस कुठे लावायचा हेच तेवढं त्यांना सुचेना.

जुनी शाफ्ट निघाली, नवी आत गेली, पण पिनेची भोकं काही जुळेनात. संपूर्ण दुपार जुळली नाहीत. मी खाली आडवा, तोंडावर तेल, आणि वर दार उघडल्याचा आवाज आला. बाबा स्टूल लावून, तो पाय हाताने उचलून, ठोकळ्यांवरच्या गाडीत चढून बसले होते. उतरा म्हटलं तर उतरेनात. स्टिअरिंगवर हात ठेवल्याचं मला खालून कळलं, कारण चाकं किंचित हलली. ते वर, मी खाली, मध्ये पत्रा. मग ते म्हणाले, "ताईला कळव, गाडी संपली म्हणून. तिला तेवढाच जिवाला घोर कमी."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तू काय म्हणालीस ते, आणि मी चहा आणि उशी का विचारत होतो तेही. ताई, मी गाडीखाली पडून रडलो. तेल डोळ्यांत गेलं असं मी सगळ्यांना सांगितलंय, तूही तेच सांग.

मग भोकं जुळली. कशी ते विचारू नकोस, मी बघत नव्हतो. डॉक्टरांच्या फोनवरून काकांना आनंदाने कळवलं. ते म्हणाले की छान, आता मागे घेतलेलं घर पुढे घ्या आणि दांडीची केबल आवळा. मी म्हणालो, काका, ठोकळे काढल्याशिवाय पुढे कशी ढकलणार? तिकडे त्यांच्या कमरेचा पट्टा करकरला.

"कुठे ढकलताय?" काकांनी विचारलं.

तर ताई, घर म्हणजे घर नव्हे. गिअरला आत खाचा असतात, एकेका गिअरची एकेक, आणि त्या खाचेला हे लोक घर म्हणतात. शर्टाच्या काजाला नाही का आपण घर म्हणत? बुद्धिबळात नसतं का घर? हे सगळं मला माहीत आहे. मी मुलांना मराठी शिकवतो, ताई. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि धरणी अगदी पाठीला लागूनच होती. त्या शरमेत काकांची आज्ञा मी तंतोतंत पाळली आणि एक घर पुढे घेतलं. जे मुळात कधी मागे घेतलंच नव्हतं, ते पुढे घेतलं आणि केबल आवळून टाकली.

परिणाम ऐक. ठोकळे काढले, मी आत बसलो, दांडी न्यूट्रलच्या ‘एन’वर. किल्ली फिरवली, ढिम्म. रिव्हर्सच्या ‘आर’वर आणली, तर गाडी चालू झाली पण जागची हलेना. घाबरून परत ‘एन’वर नेली, तर सुटली मागे! (दांडी दाखवते एक, आतला गिअर करतो त्याच्या एक घर अलीकडचं.) ब्रेक लागेपर्यंत शिंप्याच्या दारातली बादली चेपली होती. जिवाला कुणाच्या काही झालं नाही. डॉक्टरांचं फाटक मोकळं झालं आणि पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे आता आपण दोन घरं मागे आहोत. काका म्हणतात की एक नट सैल करून परत बांधायचा, क्षुल्लक काम आहे. पण माझ्यात पुन्हा त्या गाडीखाली जाण्याचं त्राण नाही, आणि यापुढे कुणी मला ‘घर’ म्हणालं तर मी कुठे जाईन ते माझं मलाच सांगता येत नाही.

तेव्हा तुझंच म्हणणं खरं ठरलं. गाडी संपली असं समज आणि निश्चिंत राहा. रविवारी तू येशील तेव्हा भंगारवाल्याशी तूच बोल. माझ्याशी बोलताना तो आता हसतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा, एका कानाने बहिरा,
धाकटा

ता. क. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात एक भानगड झाली. बाबांनी डॉक्टरांकडून जखमेला लावायची चिकटपट्टी आणली, गिअरवरची इंग्रजी अक्षरं झाकून टाकली आणि आपल्या वळणदार अक्षरात एकेका घरावर लिहिलं: थांब, मागे, मोकळी, चल. जिथे जे खरोखर होतं तिथे ते. गाडी गल्लीला फेरी मारून आली. मग ते काकांना पट्ट्यासकट बसवून पुन्हा फेरी मारून आले. काकांनी खिडकीतून मला सांगितलं की चालतंय, आता हात लावू नका. मी नट बांधायचं पुन्हा काढलं, तर बाबा म्हणाले राहू दे, आता कुठे ही गाडी मला कळतेय.

ता. ता. क. म्हणजे वर जे सगळं लिहिलंय ते रद्द. खरं मागणं एवढंच आहे. रविवारी स्टेशनवरून टॅक्सी करू नकोस. त्याआधी बाबांना फोन कर (मला नको, मी हो म्हणेन) आणि एकच वाक्य बोल: ‘बाबा, मला घ्यायला याल का?’ काळजी, वय, डॉक्टर यातलं काही बोलू नकोस. आणि गाडीत बसल्यावर भीती वाटली तर पट्टीवरचा पहिला शब्द मोठ्याने वाच, ते लगेच थांबतात.

शेवटचं. लिफाफा बंद करून मी पोस्टाकडे निघालो होतो, तर दारात बाबा, बूट घालून, किल्ली वाजवत. मी तसाच आत वळलो आणि लिफाफा फोडून हे दोन शब्द लिहिले. आता पुन्हा चिकटवतो आणि त्यांना विचारतो, बाबा, हे पत्र जरा सोडता का?