खिशातले सात चिंचोके

बाबा,

तिकडे जाऊन तुम्ही मला विसरला असाल तर मला नवल वाटणार नाही, कारण इकडे होता तेव्हा तरी मी कुठे तुमच्या ध्यानात राहायची. माझ्या लग्नात वऱ्हाड दारात येऊन उभं होतं आणि मुलीचा बाप मैदानावर होता. रेफ्री आला नाही म्हणून शिट्टी तुमच्या तोंडात. शेवटी मामाने तुम्हाला सायकलवर बसवून आणलं, आणि गुडघ्याला माती तशीच ठेवून तुम्ही व्याह्यांना विचारलं, "कोणाचं लगन हाये?" लोक हसले, मीही हसले. तर तीच मी, तुमची एकुलती पोरगी. वस्तीतल्या कोणत्या पोराचा कोणता पाय चालतो ते तुम्हाला पाठ होतं, माझं वय मात्र दरवेळी आईला विचारायचात. आईला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तिकडे तीच तुम्हाला सांगत असेल, ही बघा, ही आपली.

वाडवडलांना पान मांडायची रीत असती तर कावळ्याकडे निरोप दिला असता. पण दीक्षा घेतली त्या वर्षी तुम्हीच ते बंद केलं, आणि बरंच केलं. म्हणून हा कागद. मी सांगते आहे आणि तुमची पणती लिहिते आहे. माझ्या पोराची पोरगी, नववीत आहे. मी बोलते एक आणि ही ते धुऊन, इस्त्री करून लिहिते. म्हटलं, लिही बाई, म्हाताऱ्याला तेवढाच मान. मला लिहिता आलं असतं तर तिची मिनतवारी करावी लागली नसती. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्ही मला शाळेतून काढून चुलीपाशी बसवलं, आणि आई गेल्यावर परत पाठवायचं विसरलात. मिलची पाळी करून तुम्ही स्वतः रात्रशाळेत जात होता, जोडाक्षरं मोठ्याने घोकत होता, आणि मी तिथेच भाकरी थापत होते. एकदाही तुम्ही पाटी माझ्याकडे सरकवली नाही. पुढे वस्तीतल्या प्रत्येक पोराला दहा मिनिटं तरी खेळायला मिळालंच पाहिजे म्हणून तुम्ही मोठ्या खेळाडूंशी भांडायचात, तेव्हा मला वाटायचं, माझी दहा मिनिटं कोणाच्या खिशात राहिली.

वस्तीचा तो फुटबॉलचा क्लब तुम्ही का काढला ते मला माहीत आहे, कारण ती गोष्ट तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगितली की आमटी गार व्हायची. तरुणपणी तुम्ही दुसऱ्या मोहल्ल्यातल्या टीमकडे गेलात. त्यांनी तुम्हाला अख्खा हंगाम काठावर बसवलं. चेंडू नाल्यात गेला की काढायला तुम्ही, आणि खेळायला टीम चालवणाऱ्या मुकादमाचा भाचा, ज्याला धड पळताही येत नव्हतं. म्हणून आपल्या वस्तीची टीम झाली तेव्हा तुम्ही नियम केला की काठावरचं पोरगं काठावरच राहणार नाही. मोठे खेळाडू सगळे मिलमधले, पाळी करून आलेले, त्यांना बाहेर निघायला राग यायचा. "बुढा पागल हाये," म्हणायचे. पण निघायचे, कारण कोणाला आत घ्यायचं हे तुम्ही ठरवत नव्हता, चिंचोके ठरवत होते.

ते चिंचोके मी केले होते. काठावर बसणाऱ्या प्रत्येक पोराचा एक. नावं लिहिता येत नव्हती म्हणून चुलीत सुई तापवून मी त्यांवर खुणा काढल्या. कोणाचा मासा, कोणाचा पतंग, सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या पोराचं चाक, माझ्या पोराचा कंदील. हाफ टाईमला तुम्ही सदऱ्याच्या खिशात हात घालायचात, मान वर, डोळे झाडाच्या शेंड्याकडे, आणि तीन चिंचोके काढायचात. ज्यांचे निघाले ते आत. खेळ संपायला थोडा वेळ उरला की आणखी तीन. उरलेल्यांना पुढचा रविवार. त्यात कोणाचा वशिला नाही, कोणाची कुरबुर नाही. दुसऱ्या वस्तीतले लोक हे बघायला यायचे. तुमच्या मानेचा तो ताठा मला अजून दिसतो. मी मैदानाच्या कडेला पाण्याची घागर घेऊन बसले आहे, आणि तुम्ही झाडाकडे बघता आहात.

माझ्या पोराचा बाप गेला आणि मी त्याला कडेवर घेऊन तुमच्या घरी परत आले, तेव्हापासून त्याला बाप म्हणजे तुम्हीच. तुमच्यासारखा बसायचा, तुमच्यासारखा खाकरायचा. आणि खेळायचा कसा, ते मी सांगायला नको. तुम्हीच एकदा हात धुताना म्हणाला होता, "या पोट्ट्याच्या पायात काही तरी हाये वं." तेवढंच. त्याच्यासमोर कधी बोलला नाहीत. तो सतरा वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात वस्तीत बातमी आली की एका कारखान्याचे साहेब रविवारी आपला सामना बघायला येणार आहेत. त्यांना त्यांच्या टीमसाठी दोन तरणी पोरं पाहिजेत, आणि जी घेतील त्यांना कारखान्यात कायमची नोकरी. कायमची, बाबा. आपल्या घरात तोवर हा शब्द फक्त दम्याला लावत होतो.

रविवारी साहेब आले, खुर्चीवर बसले. काठावर आठ पोरं होती. हाफ टाईमला तुम्ही खिशात हात घातला. मासा निघाला, चाक निघालं, आणखी एक निघाला. माझं पोरगं बुटाची नाडी आवळून बसलं होतं. म्हटलं, अजून तीन आहेत. खेळ पुन्हा सुरू झाला. सायकलवाल्याच्या पोराने दोन वेळा चेंडू छातीवर घेतला आणि साहेबांनी शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं. मग तुम्ही पुन्हा हात घातलात. तीन निघाले. त्यात कंदील नव्हता. माझ्या पोराने नाडी सोडली, दुसऱ्या बुटाचीही सोडली, आणि उरलेल्या एका पोराबरोबर बसून राहिला. साहेबांनी सायकलवाल्याच्या पोराला आणि दुसऱ्या टीममधल्या एकाला बोलावलं आणि गाडीत बसून गेले.

मैदानावरून परत येताना लोक तुमच्या पाठीवर थाप मारत होते. कोणी म्हणालं, "खरा माणूस हाये गा हा. सख्खा नातू बसला होता, पण हात नाही हालला याचा." माझं पोरगं मागून चेंडू घेऊन येत होतं. मी विचारलं, "वाईट वाटलं का रे?" तर म्हणालं, "काहून वाईट वाटीन? आजोबाचं काय चुकलं? माझा चिंचोका नाही निघाला, बस." आणि घरी येऊन त्याने नेहमीसारखा चेंडू ओल्या फडक्याने पुसला.

सोमवारी तुम्ही पाळीवर गेलात आणि मी तुमचा सदरा धुवायला घेतला. खिशातले चिंचोके काढून दगडावर वाळत घातले. मला आकडे येत नाहीत असं तुम्हाला वाटायचं, पण बोटं आहेत ना मला. सात होते. मासा, पतंग, चाक, सगळे. कंदील नव्हता. खिशाला भोक आहे का बघितलं. नव्हतं, खिसा मीच शिवला होता. तुम्ही संध्याकाळी आलात तेव्हा मी पाणीसुद्धा दिलं नाही, आधी विचारलं. तुम्ही कमरेची तंबाखूची डबी काढली, झाकण उघडलं, आणि तंबाखूतून तो चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला.

"काहून, बाबा?"

"नातू हाये माझा म्हून. त्याचा निघाला असता न साहेबानं त्याले नेलं असतं, तं लोक काय म्हणतीन? बुढ्यानं पाहून काढला, म्हणतीन."

"पण तुम्ही पाहून काढला नसता."

"ते मले माहीत. लोकाइले कुठं माहीत?"

"म्हणून तुम्ही पाहून ठेवला?"

त्यावर तुम्ही म्हणालात, "चाय ठेव." आणि मी चहा ठेवला. बाबा, मुकादमाने भाच्याला आत घेतलं होतं. तुम्ही नातवाला बाहेर ठेवलंत. खेळाशी खोटेपणा दोघांनी केला. फरक इतकाच, की त्याला लोकांनी शिव्या दिल्या आणि तुम्हाला थाप मिळाली. तुम्ही आमच्या जिवावर चांगले झालात.

इथे लिहिणारी थांबली आहे. विचारते, "आजी, हे आमच्या बाबाले माहीत हाये का?" नाही, म्हटलं. लिही तू.

सायकलवाल्याचं पोरगं आता खापरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतं. दारात पेरूचं झाड आहे म्हणे. वर्षातून एकदा येतं, माझ्या पायांना हात लावतं आणि म्हणतं, "बुढ्यामुळं झालं हे सगळं." मी म्हणते, हो रे, बुढ्यामुळेच झालं सगळं. त्याचा यात काय दोष. माझं पोरगं कन्हानकडच्या खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली ट्रक भरतं. चाळिशीही झाली नाही, आणि पाठ अशी, की घागर उचलायला बायकोला हाक मारतो. आणि अजून, बाबा, काही बिघडलं की हसून म्हणतो, "आपला चिंचोकाच नाही निघत." बदली कामगारांच्या यादीत नाव आलं नाही, पगार अडला, छप्पर गळलं, तेच म्हणतो. स्वतःला जन्माचा कमनशिबी समजतो. तुमचा फोटो त्याने बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली लावला आहे. रोज पुसतो.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी त्याला सांगायला गेले होते. पण तो तुमचे पाय चेपत बसला होता. पुढे सांगू म्हटलं, आणि मग तुम्ही गेलात आणि सांगायला जागाच उरली नाही. आजोबा काढून घेतला तर त्याच्याजवळ राहतं काय?

आज हे का काढून बसले, तर काल समोरच्या घरची बाई आली होती. माझं पोरगं आता रविवारी वस्तीतल्या लहान पोरांना खेळवतं. टीम तीच, मैदान तेच. चिंचोके त्याने पहिल्याच दिवशी बंद केले. म्हणाला, "नशिबावर सोडलं की गरिबाचं काही खरं नाही." आणि स्वतःच्या पोराला, या लिहिणारीच्या धाकट्या भावाला, पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत आत ठेवतो. धापा टाकतो तरी बाहेर काढत नाही. समोरच्या बाईचं पोरगं तीन महिने झाले, दर रविवारी बूट घालून जातं आणि तसेच स्वच्छ घेऊन येतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा न त्याले. तुमच्या बाबांच्या काळात असं नव्हतं म्हनतात. ते तं सख्ख्या नातवालेही पाहत नव्हते." मी काय सांगू तिला? तिला चहा दिला. चहा ठेवणं तुमच्याकडूनच शिकले.

आत्ता लिहिणारी म्हणते, "आजी, मीच सांगू का बाबाले?" मी म्हटलं, नाही. ती रागावली आहे. अक्षर जरा मोठं झालं असेल, बघा.

पोराला जपायला मी गप्प बसले, असं मी मला सांगत आले. पण सगळं सांगते. त्या रविवारी लोक तुमच्या पाठीवर थाप मारत होते तेव्हा मला बरं वाटलं होतं. बाया माझ्याकडे बघत होत्या आणि मी घागर जरा मोठ्या ऐटीत डोक्यावर घेतली. सोमवारी कळल्यावरही ती ऐट पूर्ण गेली नाही. नळावर कोणी म्हटलं, काय बाप आहे तुझा, की मी हो म्हणायची. अजून म्हणते. काल समोरच्या बाईलाही हो म्हटलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. मोठा कागद आहे, घडी करून माझ्या पेटीत तळाशी घाल आणि वर लुगडी ठेव. तुझ्या बापाला कळता कामा नये. आणि पोरी, उठ आता, बेसन भिजव. पाटवड्या कर, रस्सा पातळ ठेव, आणि मोठा डबा भरून समोरच्या घरी दे. तिखट कमी घाल, पोरगं लहान आहे त्यांचं. आपल्याकरता राहिलं नाही तरी चालेल.