दोरीवर राहिलेलं झबलं

१८ ऑगस्ट २०२५

पोचले एकदाची! पिरंगुटहून एसटीने, मग साबीरभाईच्या होडीतून. मुळशी धरणाच्या पाण्यात हे एवढंसं बेट. त्यावर कुणा पुणेकराचा बंगला आणि मागे राखणदाराच्या दोन खोल्या, म्हणजे आमच्या जोहराफुफीचं, माझ्या आत्याचं घर. फोटो टाकले तर कंपनीतल्या पोरी विचारतात, हीना, मालदीवला गेलीस काय! म्हटलं हो, बाळाचे लंगोट धुवायला. फुफीची सून, साबीरभाईची बायको जस्मीनभाभी बाळंत झालीय, फुफीचे गुडघे धरलेत, म्हणून मी सुट्टी टाकून आले. पोरगा आयान, काय गोड ध्यान आहे! गालाला बोट लावलं की हावरटासारखं तोंड उघडतो.

२० ऑगस्ट

तेल लावणं, न्हाऊ घालणं, ओवा-शेपांची धुरी, सगळं माझ्याकडे. हुकूम सोडणं फुफीकडे. दिवे लागायच्या आत बाळाचे कपडे दोरीवरून काढायचे, हा तिचा मोठा कायदा. बाहेर राहिलेलं झबलं दुसरंच कुणी घालतं म्हणे. आज पिवळं झबलं ओलंच होतं, मी राहू दिलं. फुफीला सांगितलं, सगळे आणले. काय होतंय!

२१ ऑगस्ट

झबलं गेलं. वाऱ्याने उडालं असेल. फुफीला सांगून बोलणी कोण खाणार?

दुपारी आयानला न्हाऊ घालून पाजायला नेलं, तर भाभी म्हणाली, आत्ताच तर पाजलं, तूच आणून दिलंस की, पिवळ्या झबल्यात. बाळंतिणीला झोप पुरत नाही, होतं असं. पण तिला खरंच दूध उरलं नव्हतं. पोरगं रडून रडून काळंनिळं झालं.

२३ ऑगस्ट

रोज तेच. भाभी म्हणते, पोटभर प्यायला. आणि आयान माझ्या मांडीवर भुकेने कळवळतोय. वरचं दूध ओकून टाकतो. तेल लावताना बरगड्या हाताला लागतात.

मला राहवेना. फुफीला झबल्याचं सांगून टाकलं. ती मला मारायचीच बाकी होती. मग रडायलाच लागली. पाण्याकाठी जीव गेलेलं लेकरू असतं, कपडा मिळाला की अंगात घालून आई शोधत येतं, असं म्हणाली. "आता त्ये दूध मागणार, पोरी." कुराणातली आयतुल कुर्सी पढत तिने आयानच्या पायात काळा दोरा बांधला.

२४ ऑगस्ट

पाहिलं मी. भरदुपारी.

आयान माझ्या कडेवर होता. आणि भाभीच्या कुशीत— दुसरा आयान. गुबगुबीत, गुलाबी. त्याच्याही पायात दोरा. मी किंचाळले. भाभीने मान वर केली आणि विचारलं, हे कुणाचं उचलून आणलंस?

या अल्लाह.

२५ ऑगस्ट, सकाळ

कुणी ऐकत नाही. सगळ्यांना बाळसेदार तेच आपलं वाटतं, फुफीलासुद्धा. साबीरभाई म्हणतो, आमचं पोरगं धडधाकट आहे, हे वाळकं तेच पाण्यातलं. अरे, दूध कुणाचं तोडलं गेलं, एवढा तरी विचार करा! रोज न्हाऊ घालते मी त्याला. माझ्या हातांना कळत नाही?

दुपार

गेले. तिघंही, होडीतून. ते बाळ घेऊन.

फुफी म्हणाली, याला पाण्याकाठी ठेव, मागं वळून बघू नको, साबीर येईल तुला न्यायला.

नाही ठेवणार.

आयान रडतही नाही आता. माझं बोट चोखतोय. साखरपाण्याचे थेंब देतेय. नेमकी आज फोनला रेंज नाही. हाका मारल्या, होडी वळत नाही—

भाभीने त्याला पदराखाली घेतलं.

भाभी उठून उभी राहिली. ओरडतेय. साबीरभाईने वल्हं टाकलं— पदर लाल—

टाकलं का तिने त्याला पाण्यात? नाही. नाही, ते आपलं आपणच उतरलं. बुडत नाही. पिवळं दिसतंय, पाण्यावर— चालतंय—

इकडे. आयानकडे. माझ्या आयानला मी